बुडालेल्या कंपन्यांचे कागद

कंपनी बुडते, तिचा शेअर-दाखला मात्र संग्राहकाच्या पेटींत टिकतो. ज्या वचनाकरितां तो घेतला गेला तें वचन मेलें. उरली ती नक्षी, मोहर आणि सही. मुंबईनें असे कागद पुष्कळ पाहिले. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. त्या पैशावर नव्या बँका निघाल्या, समुद्र हटविणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा शेअर सुमारें दसपटीनें विकला गेला. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला. १ जुलै रोजीं वायद्यांची मुदत भरली, तेव्हां कित्येक घरांत देणें फेडण्यास या कागदांवांचून कांहींच नव्हतें. जिच्या स्वतःच्या नोटा १८४० नंतर वीस वर्षें बाजारांत चालल्या, ती बँक ऑफ बाँबेहि १८६८ सालीं गुंडाळावी लागली. म्हणून जुना दाखला हातीं आल्यास नक्षी पाहावीच. परंतु पाठीवर हस्तांतराच्या नोंदी असतील, तर त्या अधिक सावकाश वाचाव्या. कोणाच्या हातून तो कागद अखेर कोणाच्या माथीं आला, हा इतिहास तेथेंच असतो.