बोरू आणि कर्कटक

तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव खानदेशात ‘दक्षिण काशी’ म्हणून मान्यता पावलेले आहे. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील थरांत तांबडी भांडी निघाली, आणि त्यांवर काळ्या रंगात ओढलेली रेघांची नक्षी. अक्षर हाती येण्यापूर्वीच तापीकाठच्या माणसाला रेघेची मोहिनी पडली होती!

याच गावी दर बारा वर्षांनी गौतमेश्वराच्या सिंहस्थ पर्वणीला यात्रा लोटते. जिल्ह्याच्या सीमा गुजरात आणि मध्य प्रदेशाला भिडलेल्या, म्हणून भाविकांची अक्षरओळखही एकसारखी नसते. मराठी-हिंदी वाचणाऱ्याला शिरोरेखेची सवय; गुजरातीने ती केव्हाच उतरवून ठेवली. अशा गर्दीत घाट कोणीकडे हे सांगायचे, तर पाटीवरचे अक्षर ठळक, मोकळे आणि लांबून कळणारे हवे. पण अक्षर ठळक करणे म्हणजे नुसती शाई वाढवणे नव्हे. देवनागरीला तर ही गोष्ट फारच उशिरा साधली.

त्याचे कारण बोरूत आहे. तिरप्या टाकाचा बोरू एका दिशेने जाड ओढतो, दुसऱ्या दिशेने बारीक. आपल्या अक्षराचे सौंदर्य या चढउतारात आहे. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले, ते बोरूचेच वळण दगडावर उतरवून. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरात राणोजी रावजी आरू यांनी पोलादात अक्षरे कोरली. त्या खिळ्यांनी संस्कृत ग्रंथांना देशभर कीर्ती मिळवून दिली; पण शिशाच्या अंगातही बोरूची ऐट कायम राहिली.

युरोपात मात्र वारे निराळे वाहत होते. टोकांची शेपटे छाटलेले रोमन अक्षर इंग्लंडात १८१६ च्या सुमारासच खिळ्यांत उतरले होते. १९२७ साली जर्मनीत पाउल रेनर यांचे ‘फ्युचुरा’ बाहेर पडले. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. जणू पट्टी आणि कर्कटक घेऊनच आखलेले. १९६९ साली माणसाने चंद्रावर ठेवलेल्या फलकावरची अक्षरेही याच जातीची. आणि तरीही यातले खरे मर्म असे, की ही अक्षरे कर्कटकाने साधत नाहीत. तंतोतंत समान जाडीची रेघ डोळ्याला समान दिसतच नाही: आडवी असली तर जाड वाटते, उभी असली तर बारीक, आणि गोलाईला दांडी मिळते तेथे काळा डाग पडतो. म्हणून कुशल कारागीर गुपचूप त्या सांध्यातली शाई काढून घेतो. नियम भूमितीचा, पण शेवटचा निवाडा डोळ्याचा!

देवनागरीत हा निवाडा अधिकच कठीण. वर शिरोरेखेचे आढे, त्यावर मात्रा नि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. सारे सारख्याच जाडीने भरले, तर ‘क्ष’चे पोट बुजते आणि ‘ज्ञ’ म्हणजे नुसता गोळा होतो. म्हणून पुष्कळ वर्षे ठळक मराठी अक्षर हाताने रेखाटणाऱ्यांच्याच स्वाधीन राहिले. २०२० साली निवर्तलेले कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत एकेका नावाला स्वतंत्र चेहरा दिला, तो याच परंपरेत.

२०१४ साली ‘इंडियन टाइप फाउंड्री’ने ‘पॉपिन्स’ हे टंककुल प्रसिद्ध केले. त्यातील देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. बारीक ते अतिठळक अशा वजनांच्या पायऱ्या असलेली, समान जाडीची भौमितिक देवनागरी प्रथमच अवतरली, असे तिच्या कर्त्यांचे म्हणणे आहे. येथेही सांध्यांतली जाडी कमी केलेली आहे. आणि रोमन मोठी अक्षरे देवनागरीहून किंचित ठेंगणी ठेवली आहेत, म्हणजे शेजारी बसताना पाहुणी यजमानावर कुरघोडी करीत नाही. परवाना खुला, त्यामुळे ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. पाठोपाठ ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मोदक’ आला. तो नावाप्रमाणे इतका गुबगुबीत, की अक्षराच्या पोटात उरते ती केवळ एक फट!

या विपुलतेत एक विवेक मात्र हवा. ठळक अक्षर हाकेसारखे असते. मथळा, पाटी, दुकानाचा फलक येथे ते शोभते. पण पानभर हाका कोण ऐकणार? ‘ख’ जरा सुटला की ‘रव’ होतो, आणि ‘खाना’ मागणारा ‘रवाना’ होतो. त्याहून नाजूक बाब आपल्या पाकळीच्या ‘ल’ची आणि देठाच्या ‘श’ची. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ही मराठी वळणे ग्राह्य धरली. साऱ्या देशासाठी एक साचा घडवताना ती गळून पडली, तर पाटी वाचता येईल, पण ती आपली वाटणार नाही.

सिंहस्थाच्या गर्दीत पाटीकडे मान वर करून पाहणाऱ्या आजीला फ्युचुरा ठाऊक नसेल, पॉपिन्स तर नसेलच. तिला घाट सापडला, आणि त्या पाटीवरचा ‘ल’ तिने पाटीपेन्सिलीवर गिरवलेलाच निघाला, की कर्कटकाने बोरूचे ऋण फेडले म्हणावे.