काळी-पिवळी, मीटर आणि वरचे वीस रुपये

आजचा भाग थोडा घरचा आहे.

आमच्या वारंगा फाट्यावर 'काळी-पिवळी' म्हटलं की डोळ्यापुढं जीप येते. नांदेडहून येणारा रस्ता इथं फुटतो. एक फाटा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडं. त्यामुळं फाट्यावर कायम गर्दी, गरम खिचडीच्या कढया आणि "नांदेड, नांदेड, नांदेड" अशी आरोळी. जीपला मीटर नाही. गाडी भरली की निघाली. भाडं सगळ्यांना तोंडपाठ. माझे वडील, म्हणजे आप्पा, पंधरा वर्षं अशीच गाडी चालवायचे.

मागच्या वर्षी आप्पा पहिल्यांदा विमानानं मुंबईला आले. मी त्यांना घ्यायला गेलो, ॲपवरून गाडी बोलावली. घरी पोचल्यावर मोबाईलवर प्रश्न आला, ड्रायव्हरला टीप देणार का? मी वीस रुपयांवर बोट ठेवलं. आप्पांनी विचारलं, "हे कशाचे?" मी म्हटलं, "खुशीनं द्यायचे असतात." ते म्हणाले, "भाडं कमी पडतं का त्याला? मग भाडंच वाढवा की. खुशीचा काय भरवसा?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा भाग. विमानतळावरून घरी नेणाऱ्या माणसाला आपण नक्की कशाचे पैसे देतो, आणि वरचे पैसे कुठून आले?

आधी शब्द बघू. 'बक्षीस' फारसीतून आला. मूळ अर्थ दिलेली गोष्ट, देणगी. मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या. शाळेत पहिला नंबर आला की बक्षीस, आणि काम करणाऱ्याच्या हातावर ठेवली ती बक्षिसी. दिवाळीला पोस्टमनला, कचरा नेणाऱ्याला देतात ती पोस्त. आणि हेच पैसे काम व्हायच्या आधी टेबलाखालून सरकले की चिरीमिरी, नाहीतर चहापाणी. बघा, पैसे तेच. कधी दिले, कुणी दिले आणि कुणाच्या मर्जीनं दिले, यावर नाव बदलतं.

मर्जी हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या गावगाड्यात बलुतं होतं. वर्षभर काम करायचं आणि सुगीला धान्य घ्यायचं. कागदावर तो हक्क होता. प्रत्यक्षात किती द्यायचं, केव्हा द्यायचं, की नाहीच द्यायचं, हे खळ्यावरचा मालक ठरवायचा. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं. त्यातला एक मुद्दा साधा पण जबरदस्त होता: बलुत्याच्या जागी रोख आणि ठरलेला मोबदला द्या. म्हणजे काम करणाऱ्याला कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. ते विधेयक मंजूर झालं नाही, पण प्रश्न तिथंच नेमका मांडला गेला.

योगायोग म्हणजे त्याच १९२८ साली मुंबईत जुहूचा विमानतळ सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जुहूला उतरले. स्वातंत्र्यानंतर मोठी विमानं सांताक्रूझला गेली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सहार आलं.

आता प्रवासी उतरला, पुढं काय? मुंबईत आधी घोड्यांच्या व्हिक्टोरिया होत्या. मोटार टॅक्सी आली १९११ च्या सुमारास. नंतर या शहराची ओळख झाली ती फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी. ती बनवणाऱ्या कंपनीमागचा माणूस आपला सोलापूरचा, वालचंद हिराचंद. त्यांनी १९४० मध्ये बंगळुरात विमानाचा कारखाना काढला, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स, जिचा कारखाना कुर्ल्याला होता. म्हणजे वरचं विमान आणि खालची टॅक्सी, दोन्हींची स्वप्नं एकाच डोक्यात होती.

त्या टॅक्सीच्या डाव्या बाजूला, बाहेर, एक लोखंडी मीटर असायचा. गाडी खाली असेल तर पट्टी उभी, प्रवासी बसला की खाली. माझ्या मते मुंबईच्या रस्त्यावरची ही सगळ्यात समतेची वस्तू. शेठ बसला काय आणि तपोवन एक्सप्रेसमधून उतरलेला नांदेडचा पोरगा बसला काय, चाक फिरेल तसा आकडा पडणार. घासाघीस नाही, हात जोडणं नाही, आणि ड्रायव्हरलाही कुणाच्या खुशीवर थांबायला नको. आप्पांच्या भाषेत, भाडं म्हणजे भाडं.

मग घोळ कुठं झाला? भाडेवाढ झाली तरी लोखंडी मीटर जुनाच आकडा दाखवायचा. खरं भाडं बघायला छापील कार्ड लागायचं. नवखा माणूस कार्ड कुठून आणणार? २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि ही अडचण गेली.

दुसरा घोळ विमानतळाचा स्वतःचा आहे. तिथं टॅक्सीवाला रांगेत तासन् तास उभा असतो. एवढं थांबून त्याला कुलाब्याचं भाडं मिळालं तर ठीक. पण तुम्ही म्हणालात "मरोळला सोडा", तर त्याची अर्धी पाळी पाण्यात. त्याचा चेहरा पडतो तो यामुळं. मीटर किलोमीटर मोजतो, गाडी रांगेत लावून घालवलेले तास मोजत नाही. ती तूट मग 'काहीतरी वरचे द्या' या रूपात बाहेर येते. ड्रायव्हरचा स्वभाव हे त्याचं कारण नव्हे. हिशोबात एक रकाना नाही, हे आहे.

हाच रकाना अमेरिकेत जाणूनबुजून रिकामा ठेवला होता. तिथल्या पुलमन रेल्वेडब्यांत काळे हमाल आणि सेवक तुटपुंज्या पगारावर राबत. उरलेलं पोट प्रवाशाच्या टीपवर भरायचं. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं टीपबंदीचा कायदा केला, आणखी काही राज्यांनीही केला, पण १९२६ पर्यंत ते सगळे रद्द झाले. पुलमनच्या कामगारांनी १९२५ मध्ये संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला. मागणी काय? ठरलेला पगार. उलट जपानमध्ये टॅक्सीत टीप देत नाहीत. काम चांगलं करणं भाड्यातच आलं.

आता आजचं. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये तीही गेली. मीटरची जागा मोबाईलनं घेतली. आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं उबरला नोटीस पाठवली. मुद्दा होता आगाऊ टीपचा: गाडी लवकर हवी तर आधी वरचे पैसे कबूल करा. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो. असं बटण आपोआप उगवत नाही. ते कुठं ठेवायचं, केव्हा दाखवायचं, हे कुणीतरी बसून ठरवतं. काम झाल्यावर दिली ती बक्षिसी. काम व्हावं म्हणून आधी दिली ती काय, हे आपल्या भाषेनं केव्हाच सांगून ठेवलंय.

आपल्याकडून मुंबईला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. विमानतळावर प्रीपेड काउंटर असतो. पावती घ्या आणि गाडीतून उतरल्यावरच ड्रायव्हरच्या हातात द्या. मीटरनं गेलात तर १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला टॅक्सीचे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जादा. तो नियम आहे, लूट नाही. रिक्षा वांद्रे-शीवच्या पुढं दक्षिणेला जात नाही. सामान कमी असेल तर मेट्रो तीन बघा. ऑक्टोबर २०२५ पासून ती दोन्ही टर्मिनलखालून थेट कफ परेडपर्यंत जाते. तिथं टीपचा विषयच नाही.

आणि वरचे पैसे? द्यावेसे वाटले तर जरूर द्या. बॅगा उचलल्या, रात्री पत्ता शोधला, तर द्याच. पण न देता उतरलात म्हणून मान खाली घालू नका, आणि दिले म्हणून आपण मोठे झालो असंही समजू नका. तो त्याचा हक्क मागतोय तो भाड्यात. भाडेवाढीची बातमी आली की आपण लगेच कुरकुरतो ना? त्या वेळी जरा आठवा.

त्या दिवशी आप्पांनी काय केलं माहितीय? गाडी थांबली तशी ते ड्रायव्हरला म्हणाले, "चला, चहा घेऊ." फाट्यावर तीच रीत आहे, लांबचं भाडं सोडलं की दोघांनी मिळून चहा घ्यायचा. ड्रायव्हर हसला. मोबाईल दाखवून म्हणाला, "चाचा, अगला पिकअप लग गया." आणि गेला.

माझे वीस रुपये त्याला मिळाले असतील. चहा मात्र राहून गेला.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या फाट्यावर काय रीत आहे, ते आवाजी मेसेजमध्ये नक्की सांगा.