घाटाच्या गाडीची प्लेट

पिकअपचा क्लच गेला की मालक विचारतो, "मिस्त्री, कंपनीचा टाकायचा की बाहेरचा?" मी उलट विचारतो, "भाऊ, भरता काय आणि जाता कुठं?" फेऱ्या किराणा मालाच्या असल्या तर कुठलीही बरी क्लचप्लेट चालते. तीच गाडी अद्रकाच्या गोण्या रचून आमच्या पिशोर खांडीचा घाट चढायला लागली, की आठ दिवसांत प्लेटचा जळका वास सुटतो.

माझ्या उस्तादांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर 1969 ला आली आणि पुढं आमच्याकडच्या बाजारात तीच दिसू लागली. प्लेट घासली की उस्ताद जुने रिवेट फोडत, नवं लायनिंग चढवत आणि पितळी रिवेट ठोकत. रिवेटचं डोकं लायनिंगच्या आत बसलंच पाहिजे, नाहीतर फ्लायव्हीलवर चरे पडतात. ते लायनिंग बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचं असे, अन् त्याची धूळ आम्ही पोरं तोंडानं फुंकून उडवायचो. धोका कुणी सांगितलाच नव्हता.

टाटाची 407 आली 1986 ला, तसा माल वाढला, घाट मात्र तोच राहिला. पुढं बोलेरो पिकअपच्या दिवसांत प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकाच खोक्यात मिळू लागलं. रिवेट ठोकणारा हात रिकामा झाला, खोकं निवडणारा डोळा महाग झाला. खोकं हुबेहूब अन् आत भलताच माल, हेही तेव्हापासूनच.

जड स्प्रिंगची प्रेशर प्लेट घट्ट धरते, पण पेडल इतकं कडक होतं की ड्रायव्हर पाय अर्धवट ठेवून चालवतो, आणि अर्धा क्लच म्हणजे जळणारी प्लेट. सिरॅमिकची प्लेट झटक्यानं पकडते. तो झटका गिअरबॉक्स अन् जॉइंट सोसतात. म्हणून सतराशे किलो माल वाहणाऱ्या गाडीला मी साधं लायनिंग, चांगल्या डॅम्पर स्प्रिंगा आणि लेथवर सपाट केलेलं फ्लायव्हील, एवढंच सांगतो. क्रँकचं सील गळत असेल तर आधी सील. तेल लागलेली महागडी प्लेटही घसरतेच.

हा सगळा हिशेब घाटामुळं. पिशोर खांडीसारखाच आमच्याकडचा दुसरा घाट कन्नडहून चाळीसगावला उतरतो, त्याला जेम्स औट्रमचं नाव आहे. हा इंग्रज अंमलदार 1825 ला खानदेशात आला आणि त्यानं भिल्ल पलटण उभी केली. 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशानं अवजड वाहनांना हा घाट बंद झाला. ट्रक फेऱ्यानं जाऊ लागले, पिकअपला मात्र वाट मोकळी राहिली. मग ट्रकचा माल पिकअपमध्ये कोंबायचा मोह होतो, आणि तेवढ्या ओझ्याची प्लेट कुणाच्याच खोक्यात नसते.

क्लचच नको, हा विचार फार जुना. जर्मनीच्या हर्मान फॉटिंगरनं 1905 ला जहाजासाठी टॉर्क कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं. त्यात प्लेट नाही. इंजिन तेल फिरवतं अन् ते तेल समोरचं पात्यांचं चाक फिरवतं. आमच्याकडं तो जेसीबीत दिसतो. अमेरिकेत ऑटोमॅटिक पिकअपवाले कन्व्हर्टर बदलताना स्टॉल किती आरपीएमचा, यावर वाद घालतात. स्टॉल म्हणजे गाडी अडवून धरली तरी इंजिन किती फिरू शकतं, ती हद्द. ती वर ठेवली तर गाडी चपळ सुटते, पण ओझ्याखाली तेल तापतं. खाली ठेवली तर ओढ चांगली मिळते. तिथल्या मिस्त्रीलाही आधी हेच विचारावं लागतं: भरता काय?

पिशोरच्या पिकअपला कन्व्हर्टर बसवाल का, असं पोरं विचारतात. चढायला बसवीन. पण भरल्या गाडीनं खांडी उतरताना मला दुसऱ्या गिअरात इंजिनाची पकड लागते, आणि लॉक न होणारा कन्व्हर्टर तिथं ढिला पडतो. मग सगळा भार ब्रेकवर. मी अजून प्लेटच घालतो.