चढाचा हिशेब

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातले उसाचे, सपाटीचे गाव. इथल्या रस्त्यांवर धावायला शिकलेला नवखा धावपटू शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे वळला, की मनगटावरचे घड्याळ त्याला खिजवू लागते : वेग निम्म्यावर, हृदयाचे ठोके मात्र शिगेला. आपण कच्चे पडलो, असा अर्थ तो काढतो. आम्हांला हे वाचनच चुकीचे वाटते.

१८९२ मध्ये स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी पायी चालीचा आडाखा मांडला : दर ३ मैलांना १ तास, आणि दर २००० फूट चढाला आणखी १ तास. उंचीचा हिशेब अंतराहून वेगळा मांडावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. नोंदीत उरली ती वेळ : २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. शरीराने किती सोसले, याची नोंद नाही. धावत्या माणसाचे ठोके मनगटावर वाचण्याची सोय १९८० च्या दशकात फिनलंडच्या पोलर कंपनीने केली.

आजची अनेक घड्याळे हवेच्या दाबावरून उंची सांगतात आणि त्वचेवर प्रकाश टाकून ठोके मोजतात. तेव्हा चढावर वेग विसरावा, ठोके आवरावेत, प्रसंगी खुशाल चालावे. मात्र चढ सुरू होताच मनगटावरचा आकडा काहीसा मागे रेंगाळतो. दम आधी कळतो. चैत्रात खांद्यावर कावड घेऊन शिंगणापूरचा मुंगी घाट चढणारे भाविक पिढ्यान्‌पिढ्या त्या दमावरच विसंबत आले आहेत.