लोणारचा खड्डा : ज्वालामुखी की अशनी?

"गुरुजी, लोणारचं तळं ज्वालामुखीनं झालं ना?" असं एखाद्या मुलानं विचारलं, तर त्याला हसू नका. शंभराहून अधिक वर्षे मोठमोठे विद्वान हेच सांगत होते.

या स्थळाची नोंद तशी जुनी. काच आणि साबण करायला लागणारे जिन्नस इथं मिळतात, असं 'आईन-ई-अकबरी'त म्हटलं आहे. पुढं १८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथं येऊन गेला. आता तुम्हीच काठावर उभे राहून पाहा. चहूकडे काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हाच; आणि मध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं गोल भगदाड. ज्वालामुखीशिवाय दुसरं काय सुचणार? १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं ॲरिझोनातल्या तशाच एका खड्ड्याशी लोणारची तुलना केली आणि दोन्ही वाफेच्या स्फोटानं झाले असं मानलं. गृहस्थ मोठा अभ्यासू. पण दोन्हीकडे चुकला!

खरी अडचण होती ती वयाची. आपला दख्खनचा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो जमिनीच्या लांबलचक भेगांतून थरावर थर वाहत आला. खड्डा मात्र त्या मानानं कालचा. त्यातून लाव्हा उसळला असता, तर भोवती नवा थर सापडायला हवा होता. तो कुठंच नाही. उलट काठाचे जुनेच थर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात.

मग सरोवराच्या तळाला भोकं पाडून गाळाखालचा दगड वर काढला. तो चुरडलेला निघाला. त्यातल्या काही खनिजाची न वितळताच काच झाली होती. एवढा दाब ज्वालामुखीत नसतो. तो अशनी आदळल्यावरच येतो. फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ साली हा पुरावा जगापुढं मांडला. चंद्रावरचे कितीतरी खड्डे अशाच पाषाणात पडलेले आहेत, म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात.

वयाचा वाद अजून आहेच. एका पद्धतीनं ५२ हजार वर्षे येतात, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोजणीनं ५ लाख ७० हजार!

सहल नेलीत, तर आधी मुलांना काठाचे थर कोणीकडे कलले आहेत ते पाहू द्या. दगड मात्र फोडून आणू देऊ नका.