गरोदरपणातली सुई आणि आपली जुनी भीती

आज आपण लसीच्या भीतीचा इतिहास बघणार आहोत. कारण एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. "मला एचआयव्ही आहे, रोजच्या गोळ्या चालू आहेत, त्यात दिवस गेलेत. आता ही आणखी लस कशाला? बाळाला काही झालं तर?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पण त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसत होते, बायकांच्या अंगाला हात लावून तपासणी करत होते. लोकांच्या मनात सरकारी औषध आणि सरकारी जुलूम एकत्र बसले. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतली प्लेगची लस टोचल्यामुळे १९ माणसं धनुर्वातानं दगावली. म्हणजे भीतीला कारणही घडलं होतं.

नंतर आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, सक्तीची नसबंदी झाली. "सुईनं मूल होणं बंद होतं" ही अफवा त्यानंतर सहज पटू लागली.

याच काळात गरोदर बायकांना धनुर्वाताची लस द्यायला सुरुवात झाली. घरच्या बाळंतपणात नाळ विळ्यानं कापली जायची, वर राख लावली जायची. आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, ताठ व्हायचं आणि जायचं. आईनं लस घेतली की तिच्या रक्तातलं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. लस आणि दवाखान्यातली स्वच्छ बाळंतपणं, या दोन्हींमुळे २०१५ साली नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून जवळपास हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं.

आता एचआयव्हीकडे येऊ. भारतात तो पहिल्यांदा सापडला १९८६ साली, चेन्नईत. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. नीट औषधं घेतली तर तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. आपल्याकडे २००२ पासून गरोदर आईसाठी सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि २०१४ पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला आयुष्यभराची औषधं देण्याचं धोरण आलं. पण त्याआधी आणि नंतरही किती जणींनी ऐकलं, "तुला मूल कशाला हवं?" कुणाच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरांत शेरा, कुणाची बातमी घरी पोचायच्या आधी गल्लीत. म्हणून लसीच्या रांगेत तिला दोन भीती असतात. एक बाळाची, दुसरी आपलं गुपित फुटण्याची.

तिसरंही कारण आहे. १९५७ ते ६१ दरम्यान युरोपात थॅलिडोमाइड हे औषध गरोदर बायकांना दिलं गेलं आणि हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. त्यानंतर काळजीपोटी गरोदर बायकांना औषधांच्या चाचण्यांतून वगळलं जाऊ लागलं. परिणाम काय झाला? कोविडची लस १६ जानेवारी २०२१ रोजी आली, तेव्हा गरोदर बायकांना "घेऊ नका" सांगितलं आणि २ जुलैला "घ्या" सांगितलं. मधल्या काळात माहिती जमा झाली होती, पण ती बायकांपर्यंत कुणी नीट पोचवली? ज्यांना आधी वगळलं, त्यांनी नंतर शंका घेतली, यात नवल नाही.

जिथे वगळलं नाही, तिथे उत्तर मिळालं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोमध्ये २०११ साली एचआयव्हीसह जगणाऱ्या गरोदर बायकांना फ्लूच्या लसीच्या चाचणीत सामील केलं. लस घेतलेल्यांत फ्लू निम्म्याहूनही कमी झाला.

आणखी एक गोष्ट आता माहीत झाली आहे. आईला एचआयव्ही असेल तर वारेतून बाळाकडे जाणारं संरक्षण थोडं कमी पोचतं. म्हणजे अशा आईनं लस टाळायची नाही, उलट वेळेवर घ्यायची. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस निर्जीव असते. तिच्यामुळे आजार होत नाही आणि रोजच्या गोळ्यांबरोबर ती चालते. गोवरासारख्या जिवंत लसी मात्र गरोदरपणात देत नाहीत. म्हणून "ही लस कोणती?" हे प्रत्येकीनं विचारायचं. एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना दिवस गेल्याचं सांगायचं आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आशाताईंना आणि सिस्टरना आमचं सांगणं आहे, की रांगेत सगळ्यांसमोर तिला आजाराबद्दल विचारू नका. टीडी प्रत्येक गरोदर बाईला मिळते, त्यासाठी वेगळी रांग नको, वेगळी खूण नको. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तिच्या संमतीशिवाय ही माहिती कुणाला सांगायला बंदी घातली आहे. तिला आधी खात्री द्या, मग लस द्या.

आणि मैत्रिणी, तुझ्या ओळखीत कुणी एचआयव्हीसह जगत निरोगी बाळाची आई झाली असेल, तर तिच्याशी बोल. इतक्या वर्षांत सरकारी फलकांनी झालं नाही ते काम अशा दोन बायकांच्या गप्पांत झालेलं आम्ही पाहिलं आहे.