तंबाखूची जकात आणि विंचकूमचे शेतकरी

तंबाखू ओढावी कीं ओढूं नये हा वाद आपल्याकडे घरोघर होऊन गेला आहे. तो पुन्हां उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु विलायतेहून पाइपाची तंबाखू मागवावी आणि मालाच्या किंमतीहून जकातीचा आंकडाच मोठा निघावा, अशी तक्रार करणारा एखादा शोकी गृहस्थ बहुतेक वाचकांच्या ओळखीचा असेल. तो बापडा समजतो कीं, हा जुलूम कालपरवांचा आहे. वस्तुतः ही तक्रार चारशें वर्षांहून जुनी असून तिचें मूळ विलायतेंतच, एका अत्यंत विद्वान राजाच्या लेखणींत आहे. त्या लेखणीनें जो कर जन्माला घातला त्याची पुढें काय गति झाली, आणि त्याच्या पायीं एका लहानशा गांवच्या शेतकऱ्यांस सत्तर वर्षें काय सोसावें लागलें, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं, म्हणून ती येथें देत आहों.

एलिझाबेथ राणी १६०३ सालीं वारली व स्कॉटलंडचा राजा जेम्स हा इंग्लंडच्या गादीवर आला. राजा मोठा ग्रंथकार. चेटूक, राजांचा ईश्वरदत्त अधिकार, असल्या विषयांवर त्यानें आधींच पुस्तकें लिहिलीं होतीं. लंडनांत येतांच त्याची दृष्टि तंबाखूकडे वळली. दरबारी, खलाशी, नाटकगृहांतले प्रेक्षक, जो तो मातीची चिलीम तोंडांत धरून बसलेला. आणि ही चाल दरबारांत रूढ करणारा सर वॉल्टर रॅले हा तर राजाच्या मर्जींतून पूर्ण उतरून टॉवरच्या तुरुंगांत पडलेला. १६०४ सालीं जेम्सनें तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका स्वतःचें नांव न घालतां छापविली. हा धूर डोळ्यांस, नाकास, मेंदूस आणि फुप्फुसांस अपायकारक आहे, असें तींत त्यानें आवेशानें प्रतिपादिलें आहे. त्याचें वैद्यक आतां कोणी मानणार नाहीं. पण फुप्फुसांविषयींचें त्याचें भय खरें ठरलें हें कबूल केलें पाहिजे.

त्याच वर्षीं १७ ऑक्टोबर रोजीं राजानें आपल्या खजिनदारास हुकूम दिला. तोंपर्यंत परदेशच्या तंबाखूवर दर रत्तलास २ पेन्स जकात होती. तिच्यावर आणखी ६ शिलिंग ८ पेन्स बसविण्यांत आले. १२ पेन्सांचा एक शिलिंग. तेव्हां २ पेन्सांचे एकदम ८२ पेन्स झाले. जकात ४१ पट झाली! हुकुमांत कारणही नमूद होतें. वरच्या दर्जाचे लोक हा पदार्थ औषध म्हणून बेतानें घेतात त्याबद्दल तक्रार नाहीं, परंतु हलक्या लोकांनीं आपला वेळ आणि मजुरी धुरांत उडवावी हें राज्यास घातक आहे, असा त्याचा आशय. म्हणजे श्रीमंताची चिलीम तें औषध आणि गरिबाची चिलीम तें व्यसन.

याच सुमारास आपल्या दक्षिणेंतही तंबाखूचा प्रवेश होऊन चुकला होता. पोर्तुगीजांनीं आणलेली ही वनस्पति विजापुरास पोंचली होती, व अकबराचा वकील असद बेग यानें ती तेथून नेऊन जडावाच्या हुक्क्यासह बादशहापुढें ठेविली. पुढें १६१७ सालीं जहांगीरानें तंबाखूस सरळ मनाई केली. ती मनाई कोणी फारशी मानली नाहीं. पण निदान तिच्यांतून तिजोरीस कांहीं मिळावयाचें नव्हतें. जेम्सनें मनाई केली नाहीं. त्यानें कर बसविला, आणि तेव्हांपासून राजाच्या रागाला उत्पन्न जडलें.

प्रारंभीं तें उत्पन्न हातीं येईना. उंची तंबाखू त्या काळीं स्पेनच्या ताब्यांतील अमेरिकेहून येई. जॉन ऑब्री या टिपणकारानें आपल्या भागांतील म्हाताऱ्या शेतकऱ्यांची एक आठवण लिहून ठेविली आहे. मालम्सबरीच्या बाजारांत तंबाखू चांदीच्या भारोभार विकली जाई, व गिऱ्हाइकें पारड्यांत टाकण्यासाठीं थैलींतले मोठ्यांत मोठे शिलिंग निवडून काढीत. एवढ्या मोलाची आणि वजनाला इतकी हलकी वस्तु रात्रीं एखाद्या खाडींत उतरवून घेणें कोणास अवघड होतें? चोरटा व्यापार माजला, आणि थोड्याच वर्षांत दर पुष्कळ खालीं आणावा लागला.

एवढ्यांत व्हर्जिनियांत एक नवें प्रकरण सुरू झालें. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ यानें त्या वसाहतींत वेस्ट इंडीजकडील सौम्य जातीची तंबाखू लावून पाहिली व १६१४ सालीं तिचा माल लंडनास पोंचला. उपासमारीनें मरणाच्या दारीं बसलेली ती वसाहत या पानावर तगली. १६१७ सालीं नवा अधिकारी जेम्सटाउनांत उतरला, तों त्याला बाजारचौकांत आणि रस्त्यांतसुद्धां तंबाखूच लावलेली दिसली! ज्या वसाहतीस राजाची सनद होती ती राजाच्या आवडत्या द्वेष्य वस्तूवरच जगूं लागली.

१६१९ सालच्या ऑगस्टांत आफ्रिकेंतून धरून आणलेलीं वीसएक माणसें व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर प्रथमच उतरविण्यांत आलीं. पुढील कित्येक वर्षें तेथील मळ्यांतलें बहुतेक काम इंग्लंडाहून कराराने गेलेले मजूरच करीत. गुलामांची संख्या फुगली ती त्या शतकाच्या अखेरीस. तरी आरंभ तो हा. त्याच वर्षीं इकडे ग्लॉस्टरशायर परगण्यांत विंचकूम गांवीं जॉन स्ट्रॅटफर्ड नांवाच्या लंडनच्या व्यापाऱ्यानें जबर खंड देऊन जमिनी घेतल्या आणि त्यांत तंबाखू लावली. विंचकूमचा मोठा मठ १५३९ सालीं राजाज्ञेनें मोडला गेल्यापासून त्या गांवास अवकळा आली होती. तंबाखूचें पीक असें कीं, त्याला जमीन थोडी आणि माणसांचे हात फार लागतात. रोपें लावणें, शेंडे खुडणें, पानें वाळविणें, सर्व हातानें. गरीब गांवास याहून सोईचें पीक कोणतें? परंतु एक हंगाम निघतो न निघतो तों ३० डिसेंबर १६१९ रोजीं राजाचा जाहीरनामा निघाला कीं, इंग्लंडांत कोणीं तंबाखू पिकवूं नये.

यामागें सौदा होता. व्हर्जिनिया कंपनीनें अधिक जकात देण्याचें कबूल केलें, आणि मोबदला म्हणून राजानें देशी पिकाचा गळा आवळण्याचें पत्करलें. जाहीरनाम्यांत मात्र कारण आरोग्याचें! इंग्लंडच्या थंड मातींत निपजलेली तंबाखू कच्ची आणि विषारी असते, उष्ण देशांतली तितकी नसते, असें त्यांत म्हटलें होतें. पंधरा वर्षांपूर्वीं ज्यानें सर्वच तंबाखू घातक ठरविली होती त्याच राजाच्या नांवानें हें निघावें, याहून अधिक टीकेची जरूर नाहीं. तिजोरीचें गणित सरळ होतें. समुद्रावरून येणारें पान चार बंदरांत अडवून त्यावर जकात उगवितां येते. शेकडों परसांत उगवलेल्या पानावर ती कोणी उगवावी? स्ट्रॅटफर्ड शहाणा होता, तो जवसाच्या लागवडीकडे वळला. विंचकूमचे शेतकरी वळले नाहींत.

राजे बदलले, पण मनाई राहिली. चार्लस राजास आपली वसाहत धुरावर उभी आहे याचा विषाद वाटे. तरी त्या धुराचें उत्पन्न सोडण्याची त्याला ताकद नव्हती. पुढें त्याचाच शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आलें, आणि त्या प्रजासत्ताकाच्या पार्लमेंटनेंही १६५२ सालीं कायदा करून हीच मनाई कायम केली. १६५८ च्या जुलईंत पीक उपटण्यासाठीं छत्तीस स्वार जमवून चेल्टनम गांवावर गेलेल्या एका अधिकाऱ्याचें पत्र उपलब्ध आहे. शेतांभोंवतीं हत्यारबंद जमाव पहारा करीत उभा होता. गांवांत शिरल्यावर बायका आणि पुरुष तंबाखूच्या बदला रक्त मागत धांवून आले. पिस्तुलें रोखलीं तरी जमाव हटेना. उलट विंचकूमकडून आणखी दोनशें माणसें येऊन मिळालीं. भोंवतालचें पीक इतकें होतें कीं, तें दहा माणसांस चार दिवसांतही उपटून टाकतां आलें नसतें. न्यायाधीश मदत करण्याऐवजीं आडवे येत, आणि परगण्याच्या लष्करांतले शिपाई स्वतःच तंबाखूचे लागवडदार व व्यापारी! बिचारा अधिकारी हात हालवीत परत गेला. हें पत्र वाचून आमची सहानुभूति कोणाकडे गेली हें सांगावयास नकोच.

राजेशाही परत आल्यावर १६६० सालीं मनाई पुन्हां कायदेशीर झाली. १६६७ च्या सप्टेंबरांत सॅम्युएल पीप्सनें आपल्या रोजनिशींत नोंद केली आहे कीं, विंचकूमचें पीक नासून टाकण्यासाठीं खुद्द राजाच्या अंगरक्षकांस पाठविलें. पीक वारंवार नासलें जातें तरी ते लोक लावावयाचे राहत नाहींत. पीप्स आरमारखात्याचा कारभारी, सरकारी पैशावर जगणारा. तरी त्या वाक्यांत आश्चर्यासारखें कांहींतरी आहे. असो. ही लढाई १६९० च्या सुमारास थांबली. त्याचें श्रेय घोडेस्वारांइतकेंच स्वस्ताईला आहे. व्हर्जिनियाचें पान इतकें उदंड येऊं लागलें कीं, घरचें पीक परवडेनासें झालें.

किंमत उतरली तशी जकात चढली. १६६० सालीं रत्तलास २ पेन्स असलेली जकात १६८५ त ५ पेन्स झाली, आणि १७०३ सालीं ६ पेन्सांच्याही वर गेली. मळेवाल्याच्या हातीं मात्र पुष्कळदां एक पेनीच पडे. वसाहतींतील तंबाखू प्रथम इंग्लंडांतच आणली पाहिजे असा कायदा होता, आणि ती पुढें युरोपांत पाठविली तर भरलेली जकात परत मिळे. या परताव्यानें लबाडीस नवी वाट करून दिली. माल बाहेर गेला असें दाखवून परतावा घ्यावयाचा आणि रात्रीं तोच माल किनाऱ्यावर पुन्हां उतरवावयाचा! १७३३ सालीं मुख्य प्रधान वॉलपोलनें पार्लमेंटांत सांगितलें कीं, तंबाखूची एकूण जकात ७,५४,००० पौंड दिसते, पण तिजोरींत पडतात १,६१,००० च. माल सरकारी वखारींत ठेवावा आणि विक्रीस काढतांना त्यावर अबकारी घ्यावी, ही त्याची योजना वाजवी होती. परंतु अबकारीचे शिपाई उद्यां घरांत शिरतील, या भयानें सारें लंडन खवळलें. बहुमत ६१ वरून १७ वर आलें, सभागृहाबाहेर खुद्द प्रधानाला धक्काबुक्की झाली, व बिल मागें घ्यावें लागलें. जवळजवळ तीच व्यवस्था धाकट्या पिटनें १७८९ सालीं गुपचूप अंमलांत आणली.

सरकारी वखारींपैकीं एक अवाढव्य वखार एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या गोदींत होती. पिंपांच्या रांगांमधून हिंडतांना माणूस वाट चुकेल इतकी ती मोठी. तिच्या एका कोंपऱ्यांत एक भट्टी रात्रंदिवस पेटलेली असे, व तिच्या धुराड्यास लोक ‘राणीची चिलीम’ म्हणत. समुद्राच्या पाण्यानें भिजलेली, जिची किंमत जकातीइतकीही येत नाहीं म्हणून मालकानें सोडून दिलेली, किंवा चोरट्यांकडून पकडलेली तंबाखू त्या भट्टींत जाळून टाकीत. राख मात्र फुकट जात नसे. ती साबण करणारे विकत घेत, आणि उरलेली गाड्या भरभरून खतासाठीं इंग्लंडच्या शेतांत जाई. त्या शेतांत तंबाखू लावण्याची मनाई तेव्हांही चालूच होती.